झाकणावरचं लेबल

"अहो ब्रदर, लेबल बरणीवर लावायचं, झाकणावर नाही! झाकणांची अदलाबदल झाली तर कुणाच्या गाठीचा तुकडा कुणाच्या नावावर जाईल!"

पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीतून ती ओरडली, तेव्हा तुकडे टिकवणारं फॉर्मालिन तिच्या डोळ्यांना झोंबत होतं, पाय भरून आले होते आणि तुकडे बसवलेले, कापायचे मेणाचे ठोकळे संपायचं नाव घेत नव्हते. खिडकीपलीकडे ऑपरेशन थिएटरमधला नवा ब्रदरही उभ्या उभ्या पेंगत होता. त्याने निमूटपणे लेबल बदललं… आणि जाता जाता हळूच हसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकणावरच. तिसऱ्या दिवशीही!

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"होतं… या खिडकीपाशी येईपर्यंत."

ती चांगलीच तापली, पण वळल्यावर तिला हसू आवरेना. दिवसभरात तेवढंच काय ते हसू तिच्या वाट्याला यायचं.

मग एका दुपारी लेबल नीट बरणीवर होतं. तो मात्र हसला नाही.

"माझ्या आईची गाठ आहे. उद्या मिळेल रिपोर्ट?"

तिने बरणी दोन्ही हातांनी घेतली.

"उद्या नाही हो… रात्रभर फॉर्मालिनमध्ये ठेवायचं, मग मेणात बसवायचं, मग पातळ काप काढून रंगवायचे. घाई केली तर काप फाटतात, डॉक्टरांना नीट दिसत नाही. मी स्वतः करते, मग तर झालं?"

तो ठोकळा कापायला घेतला आणि एरवी झोपेतही काप काढणारी ती प्रत्येक काप दोनदा तपासू लागली. हा माणूस आपल्याला हवाय, हे तिला तिथेच कळलं. दमलेल्या जिवाला ते स्वतःपासून लपवायचंही त्राण नव्हतं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. तो दाराशीच खिळून राहिला. हातमोजे काढून ती लॅबबाहेर आली.

"मी येऊ सोबत?"

"कोण म्हणून?"

"ते तू ठरव—" ती पहिल्यांदाच अरे-तुरेवर आली.

त्याने तिचा हात घट्ट धरला आणि दार ढकललं.

"साधी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही."

बाहेर येताच तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"चल, आईला सांगू या," तो डोळे पुसत म्हणाला. "तुझ्याबद्दलही सांगतो."

"आज फक्त रिपोर्टचं सांग. त्यांना पोटभर जेवू दे… आणि सासूबाईंसमोर जाण्याआधी मला एकदा नीट झोपू दे!"