यल्लव्वाचा पुकारा

श्यामलाबाई भुताखेतांना भिणाऱ्या नव्हत्या. कॉलेजात इतिहास शिकवायच्या. कोल्हापुरातल्या जुन्या कोर्टाची इमारत सरकारनं संरक्षित ठरवली, तेव्हा तिचा इतिहास लिहायचं काम त्यांनी हौसेनं मागून घेतलं. साल होतं एकोणीसशे बहात्तर. कोर्ट केव्हाच दुसरीकडे गेलं होतं.

एका दुपारी खटले चालायचे त्या दालनाची मापं घ्यायला त्या आत शिरल्या. वटवाघळांचा उग्र दर्प, ओल्या चुन्याचा वास, फुटक्या काचांतून उतरलेलं मळकट ऊन. टेप धरून त्या आरोपीच्या पिंजऱ्यात चढल्या, तसा राखणदार धोंडीराम दारातूनच म्हणाला, "बाई, तितं उभारू नगासा. पुकारा हुतोय."

"कुणाचा पुकारा, मामा?"

"यल्लव्वाचा. गडहिंग्लजकडची बाई. नवऱ्याला इख घातलं म्हणून धरल्याली. 'म्या न्हाय केलं' एवढंच सांगायचं हुतं तिला. पुकारा झाला आन् उठता उठता व्हरांड्यातच जीव गेला. खटला तितंच मिटला. पर अजून बलावत्यात..."

बाई हसल्या. ते हसू ओठांवर असतानाच व्हरांड्यातून आवाज आला. खणखणीत, शेवट लांबवलेला.

"यल्लव्वा... हाजीर है...?"

धोंडीराम भिंतीला टेकला. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. दुसरी हाक उंबऱ्यावरून आली. तिसरी थेट पिंजऱ्यापाशी, इतक्या जवळून, की बाईंच्या कानाला ऊन श्वास लागला.

पळायचं त्यांच्या मनात आलं नाही. बिचारीच्या वतीनं इतक्या वर्षांत कुणी 'ओ' दिली नव्हती, हेच त्यांना खुपलं. कठडा घट्ट धरून त्या ठामपणे म्हणाल्या, "हजर आहे. आणि मी काही केलेलं नाही."

न्यायाधीशाच्या रिकाम्या चौथऱ्यावर खुर्ची सरकल्यासारखं वाजलं. मग सगळं शांत झालं.

त्यानंतर पुकारा कुणीच ऐकला नाही. "बाई, सोडवलासा तिला," धोंडीराम भेटेल तेव्हा म्हणायचा. बाईंनाही त्याचा अभिमान वाटे.

वर्षभरानं पुस्तक निघालं. त्याच दालनात समारंभ झाला. उशिरा आलेल्या एका पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "आपलं नाव काय?"

बाईंनी हसून नाव सांगितलं. आजूबाजूची कुजबुज एकदम थांबली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

धोंडीराम पुढं आला.

"बाई... तुमी यल्लव्वा म्हनलासा."

श्यामलाबाईंच्या कानांनी तर 'श्यामला'च ऐकलं होतं.