आत ओढलेल्या श्वासाची धून

दम लागला म्हणून ती पायरीवर बसली, एवढंच खरं तर घडलं होतं. न्यूमोनियातून उठून जेमतेम महिना झालेला, आणि चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून घरी जायचं तर वाटेत तो मेला चढ! आता पायरी कुणाची आहे, हे बसताना बघतं का कुणी?

"तिथे बसलात तर माझं गिऱ्हाईक अडखळून पडेल," मागून आवाज आला.

दारात विसकटलेल्या केसांचा एक तरुण उभा होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्याच्यामागे दुरुस्तीला आलेल्या बाजाच्या पेट्या, अकॉर्डियन, सुटे भाते.

"गिऱ्हाईक आहे कुठे?" ती धापा टाकत म्हणाली.

"तेही खरंच. मग तुम्हीच व्हा. आत या."

डॉक्टरांनी तिला छातीच्या व्यायामासाठी फुगे फुगवायला सांगितले होते, आणि फुटेल या धास्तीने ती फुगा तोंडाजवळही नेत नव्हती. हे ऐकून तो हसला. बऱ्याच दिवसांत हसला नसावा, कारण स्वतःच दचकला. मग त्याने खणातून एक जुना माउथ ऑर्गन काढला, स्पिरिटने पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"हा न्या. फुंकायचं नाही हं... नुसता श्वास सोडायचा आणि ओढायचा. प्रत्येक भोकात दोन पट्ट्या असतात. वरची सोडताना वाजते, खालची ओढताना. ओठ शीळ घालताना करतो तसे करा, म्हणजे एकच सूर निघेल."

"मला शीळ येत नाही."

"मग येतं काय?"

"लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता येतात."

"माझा काढा बघू."

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं... जरा जास्तच वेळ. "तुम्हाला जवळचं दिसत नाही," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

पहिला आठवडा नुसता गोंगाट. एक सूर काढायला जावं तर तीन निघायचे. आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, कुणाचा गळा आवळतेयस?"

आठव्या दिवशी मात्र भलतंच झालं. श्वास सोडला तेव्हा नेहमीचं पीं-पीं. श्वास ओढला, आणि धून आली. ओठ चौथ्या भोकावरून हलले नव्हते, तरी सूर चढत होते, उतरत होते... आणि मध्येच थांबले. तिने पुन्हा ओढून पाहिलं. तीच धून, तिथेच थांबली. भर दुपारी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन तिने ती त्याला ऐकवली, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही माझ्या बायकोची," तो कसाबसा म्हणाला. "दम्याने गेली, तीन वर्षं झाली. ही धून बसवत होती. शेवट होईना म्हणायची." मग तो अगदी हळू म्हणाला, "अजून एकदा?"

तेव्हापासून रोज. जेवणाच्या सुट्टीत ती यायची, तो दार लोटून डोळे मिटून बसायचा, ती श्वास ओढायची. नंतर तो चहा करायचा, दोघं वाट्टेल ते बोलायची, आणि आमची चष्मेवाली पार विरघळून जायची. प्रेमात पडली होती हो ती, दुसरं काय! आणि हेवा कुणाचा, तर मेलेल्या बाईचा.

धून रोज एकेका सुराने पुढे सरकू लागली. घरच्या चढावर ती आधी एकदा थांबायची, आता चारदा थांबू लागली.

"आरशात बघ जरा," आत्या म्हणाली. "ओठ निळे पडलेत. व्यायामाने माणूस सुधारतं की खंगतं गं?"

तिला कळत नव्हतं असं नाही. धून तिच्या श्वासावर पुरी होत होती. पण धून थांबली तर तो तिच्याकडे कशाला बघेल? एवढ्या एका भीतीपायी ती जात राहिली.

"आज पुरी होईल," त्या दिवशी ती म्हणाली. तिने श्वास ओढला. धून नेहमीची जागा ओलांडून पुढे गेली. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. तिचा श्वास आत येत होता, पण छातीत पोचतच नव्हता... दुकान अंधारल्यासारखं झालं. दोनच सूर उरलेत, एवढं तिला कळलं. ती थांबली नाही.

आणि त्याने डोळे उघडले.

त्याने झडप घालून माउथ ऑर्गन ओढून घेतला. तो त्याच्या हातातही क्षणभर वाजत राहिला, कुणाच्याही तोंडावाचून. त्याने स्क्रू काढले, खालची, ओढताना वाजणारी पट्टी उपसली आणि टेबलावर टाकली. तेव्हा कुठे माउथ ऑर्गन गप्प झाला.

"दोनच सूर राहिले होते," ती धापा टाकत म्हणाली.

"माहितीये. तू मेली असतीस."

"पण तुम्हाला तर..."

"हा तिचाच माउथ ऑर्गन. मी मुद्दाम दिला होता तुला. इथे येणाऱ्या प्रत्येकाला देत होतो, कुणाच्या तरी तोंडून ती बोलेल म्हणून. पण आता कितीतरी दिवस... मी धून संपायचीच वाट बघायचो. नंतर चहाला तू बोलतेस ना, त्यासाठी. तिच्यापुढे हे कबूल करायची लाज वाटत होती."

"कमाल आहे तुमची! मी इथे जीव द्यायला बसले होते, आणि तुम्ही चहाची वाट बघत होता?" ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "श्वास घेणारी."

तिने टेबलावरच्या पट्टीवर हात ठेवला. पट्टी गरम होती, आत्ताच कुणीतरी तिच्यावर श्वास सोडल्यासारखी. तिला भीती वाटली, पण तिने हात काढला नाही. खाली वाकून ती पुटपुटली, "ताई, रागावू नका हं. मी सांभाळीन यांना."

तळव्याखाली पितळ सावकाश गार होत गेलं.

"काय... काय म्हणाली ती?" त्याने घाबरत विचारलं.

"ते आमचं आम्हाला," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.