पदराची गाठ

कलाबाईला सुरतेला जायचं अगदी जिवावर आलं होतं. गुडघे बोलत होते, कापसाची शेवटची वेचणी राहिली होती, आणि नाताळात एवढं बघायचं काय असतं तेही तिला धड ठाऊक नव्हतं. पण मुलगा संघपाल तिथंच उधन्याच्या डाइंग मिलमध्ये, सून सपना घरबसल्या साड्यांना खडे चिकटवणारी, आणि त्यांची लहानगी प्रज्ञा इकडे नरडाण्याला आजीजवळ. मॉलमध्ये काय रोषणाई केलीय, पोरीला दाखवायला आणाच, असा सपनानं फोनवर हट्ट धरला. लेकरासाठी झुरणाऱ्या आईला नाही कसं म्हणायचं? कलाबाईनं पिशवी भरली आणि सुरतेची पॅसेंजर धरली.

प्रज्ञा गोड होती, पण चिकट पोर. चार पावलं चालली की थकायची, स्टेशन आलं की तिला भूक लागायची, आणि झोप आली की आजीच्या मांडीत डोकं खुपसून मोकळी. उतारवयात पुन्हा एक लेकरू वाढवायचं म्हणजे काही खेळ नव्हे. ही जरा कमी बिलगली तर काय बिघडेल, असं कलाबाईला कधीकधी वाटायचं. वाटून झालं की स्वतःचाच राग यायचा.

संध्याकाळी चौघं मॉलपुढे उतरली तर तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. इमारतीएवढं झाड, थर्माकोलचा बर्फ, आणि कापसाची दाढी लावून घंटी वाजवणारा बाबा. कापूस बघून कलाबाईला हसूच फुटलं. आपण वेचून वेचून बोटं फोडायची आणि इथं लोक त्याच्यासोबत फोटो काढणार! पण दिवे मात्र खरंच देखणे होते. तीही मान दुखेपर्यंत वर बघत राहिली.

मग स्टेजवरच्या पोरानं माइकवर सांगितलं, की आता सगळे दिवे घालवणार आणि एकदम मोठं झाड पेटवणार. सपनानं मोबाइल वर धरला. दिवे गेले. एवढ्या गर्दीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.  कलाबाईनं चाचपडत शेजारचं लेकरू गाठलं आणि त्याच्या झग्याच्या पट्ट्याला आपल्या पदराचं टोक बांधून टाकलं. सारंगखेड्याच्या जत्रेत तिच्या आईनं तिला असंच बांधलं होतं. या गाठीचा एक नेम असतो. जिनं मारली तिनंच सोडायची, आणि तीही आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत. बाहेर सोडली तर लेकरू वाटेचंच होऊन जातं, घरी परतत नाही, असं जुन्या बाया सांगायच्या.

अंधारात पदर हलकेच ओढला गेला.

"आजी... मना पाय दुखतस... माले घर लई चाल ना..."

"लई जासू ना माय," कलाबाई वाकून म्हणाली. "तुले नही लई जासू, त कोनले?"

झाड पेटलं. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. कलाबाईनं खाली बघितलं तर पदराला गाठ होती आणि गाठीत काहीच नव्हतं. प्रज्ञा तर पलीकडे संघपालच्या खांद्यावर बसून केक खात होती. दिवे जायच्या आधीच तिला उचलली, असं संघपाल म्हणाला. मग कलाबाईनं जे झालं ते सांगितलं. त्यावर तो हसला. बुद्धाच्या घरात भुताखेताला थारा नाही माय, तू दमलीस, एवढंच, म्हणाला. कलाबाईलाही ते पटलं. दमली तर ती होतीच.

रात्री खोलीवर तिनं गाठ सोडायचा प्रयत्न केला. नख मोडलं, पण गाठ सुटेना. शेवटी ते लुगडं तिनं पिशवीच्या तळाशी कोंबलं आणि सकाळी दुसरं नेसली. उधन्याच्या फलाटावर पदर डोक्यावर घ्यायला गेली, तर या लुगड्याच्या टोकालाही तशीच गाठ होती.

कलाबाईनं ते टोक मुठीत धरलं आणि प्रज्ञाला घेऊन नरडाण्याच्या गाडीत चढली. गाडी गच्च भरलेली. लोक दारात लोंबकळत होते, बाया खाली बसल्या होत्या. एका बाजूला प्रज्ञा खिडकीशी, आणि दुसऱ्या बाजूला कलाबाईला लागून एक लेकरू मावेल एवढी जागा मोकळी. नरडाणा येईपर्यंत ती कुणी मागितली नाही. त्या बाजूची तिची मांडी जड झाली, मग बधिर झाली, झोपलेल्या पोराखाली होते तशी. प्रज्ञा मात्र बाहेर बघत शहाण्यासारखी बसली होती. भूक नाही, झोप नाही, पाय दुखत नाहीत. आईबापाला भेटून पोर सुधारली, असं वाटून कलाबाईला त्या भीतीतही बरं वाटलं.

स्टेशनापासून घरापर्यंत ती पाय ओढत आली. दिवेलागण होत होती. कुलूप काढल्याबरोबर प्रज्ञा आत गेली. कलाबाई उंबऱ्याशी थांबली. मागून पदर ताणला गेला होता.

कुणाचं तरी हरवलेलं लेकरू असेल, घरी यायचं म्हणतंय बिचारं, असं तिच्या मनात आलं आणि जीव कळवळला. पण आत तिची नात होती. हे सोबत आत आलं आणि नातीला काही झालं तर? ती बाहेर ओट्यावरच बसली. 

"माय... मी तुनी आजी नही शे. मनी नात घरमा शे... तू तुना घर जाय."

पदराला एकदा हिसका बसला. मग आणखी एक, अगदी हलका. कलाबाईनं डोळे मिटून गाठीला हात घातला, आणि काल नख मोडूनही न सुटलेली गाठ लोण्यासारखी सुटली.

तिला एकदम हलकं वाटलं. आत येऊन तिनं खिचडी टाकली. प्रज्ञा गुपचूप जेवायला बसली. तेवढ्यात मोबाइल वाजला. सपनानं व्हिडिओ पाठवला होता, सोबत तिचा आवाज. आई, आत्ता वेळ मिळाला, बघा तुम्ही दोघी किती छान आल्यात.

कलाबाईनं व्हिडिओ लावला. अंधार, आरोळ्या, आणि मग लखकन झाड. झाडाखाली संघपाल उभा होता, हातात केकचा कागद, खांदे रिकामे. त्याच्या शेजारी ती स्वतः. आणि तिच्या पदराला, पट्ट्याशी बांधलेली, जांभई देणारी प्रज्ञा. पोर मान वर करून काहीतरी सांगत होती, आणि आजी तिच्याकडे न बघता संघपालच्या रिकाम्या खांद्याकडे बघून हसत होती.

मोबाइल हातातून पडला. कलाबाई दाराकडे धावली. ओट्यावर कुणी नव्हतं. स्टेशनाकडच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं प्रज्ञाला हाक मारली. मागे ताटात चमचा थांबला.

"आजी," आतून शांत, स्वच्छ आवाज आला, "दार लावून घे ना. थंडी येतेय."