दोन सप्तमींचं वर्ष

चीनमधल्या छ्वानचौ गावच्या जुन्या गल्लीत रूमै आणि तिची आई कागदी देवघरं करून विकत. सातव्या महिन्याच्या सप्तमीला, सात देवींच्या पूजेच्या दिवशी, त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मूल सोळा वर्षांचं झालं की या दिवशी देवींना कागदाचं देवघर वाहायचं आणि संध्याकाळी ते जाळायचं, ही इथली रीत.

यंदाच्या सप्तमीला दुपार कलली तेव्हा सगळा माल संपला होता. दाराशी टांगलेलं नमुन्याचं एक देवघर तेवढं उरलं होतं. सकाळच्या सरीने त्याच्या छपराचा एक कोपरा लोळागोळा झाला होता.

"हेच द्या," दारातून आवाज आला.

रूमैने वर पाहिलं. उंचसा, उन्हाने रापलेला माणूस. केसांत पांढरी भुकटी... म्हातारपणाची नव्हे, चुन्याची.

"ते मोडलंय," ती म्हणाली. "विकायचं नाही."

"भाची सोळाची झाली. बहिणीने मला एकच काम सांगितलं होतं आणि तेही मी विसरलो. रिकाम्या हाताने गेलो तर आज माझीच पूजा होईल." तो आत येऊन स्टुलावर बसलासुद्धा. "खळ द्या. छपरं दुरुस्त करणं हा माझाच धंदा आहे. देवळांची करतो, कागदाचं काय घेऊन बसलात."

त्याचं नाव होंग छिंगयान. देवळांच्या छपरांवर चिनीमातीच्या रंगीत तुकड्यांचे ड्रॅगन बसवणारा कारागीर. त्याची जाड बोटं पातळ कागदावर इतक्या हळुवारपणे फिरत होती की रूमै नको म्हणत असतानाही पाहत राहिली.

"तुमच्या छपराला उतार कमी आहे," तो म्हणाला.

"संध्याकाळी जळणार आहे ते. उतार काय करायचाय?"

"तोवर पाऊस आला तर? आज आकाशातली विणकरीण तिच्या गुराख्याला भेटणार. वर्षातून एकदा भेटायचं म्हटल्यावर रडणारच ती."

"यंदा दोनदा," रूमै म्हणाली. "सातवा महिना अधिक आहे ना."

"म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा सप्तमी?" तो थांबला. "मग त्या दिवशीही यायला हवं."

"अधिक महिन्यात सण करत नाहीत."

"सण करायला कोण येतंय..." तो छपराकडे बघतच पुटपुटला. रूमैच्या हातातली कात्री उगीचच दोनदा वाजली.

मग तो येतच राहिला. कधी लाल कागद हवा म्हणून, कधी खळ हवी म्हणून. एकदा तर काही सुचेना, तेव्हा "छत्री विसरलो होतो का मी इथे?" असं विचारून गेला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"विसरला नव्हतात," रूमै म्हणाली. "पण ठेवून जायची असेल तर जागा आहे."

तो हसला. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

आईला मात्र सगळं कळत होतं. ती बोलत नव्हती, कारण सातवा महिना भुतांचा. त्यात लग्नाचा विषय काढायचा नाही. आणि यंदा तर भुतांना अख्खा महिना वाढवून मिळालेला. पण छिंगयानने एके दिवशी चहा घेता घेता सांगून टाकलं, की अधिक सप्तमीच्या दुसऱ्या दिवशी तो मलेशियात, पेनांगला निघणार आहे. तिथल्या देवळाचं काम मिळालंय. कधी संपेल ते सांगता येत नाही.

आईने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं जन्मवर्ष कोणत्या प्राण्याचं हो?"

"बैलाचं."

आईने पेला खाली ठेवला. रूमैचं वर्ष शेळीचं. बैल आणि शेळीचं हाडवैर, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तो गेल्यावर आई म्हणाली, "माणूस वाईट नाही गं. पण हे जुळायचं नाही. यंदाच्या वर्षात दोन वसंत आहेत, वसंतारंभाचा शुभ दिवस दोनदा येतोय, म्हणून जो तो लग्नं उरकून घेतोय. तुझ्यासाठी दुसरं बघते मी."

रूमै कागदाला घडी घालत होती. तिचे हात थांबले.

"आई, मागच्या वेळी तर सगळं जुळलं होतं."

मागच्या वेळी ठरलेला मुलगा सशाच्या वर्षाचा होता. ससा आणि शेळी, सोन्यासारखी जोडी. फक्त गेलं वर्ष पडलं बिनवसंताचं, वसंतारंभाचा दिवसच नसलेलं. त्यात लग्न केलं तर नवरी विधवा होते म्हणतात. म्हणून आईनेच तारीख पुढे ढकलली. तो कामासाठी दूर शेन्झेन शहरात गेला आणि तिथेच दुसरीशी लग्न लावून मोकळा झाला. रूमैने तेव्हा आईला एका शब्दाने बोल लावला नव्हता. आजही लावला नाही. आणि तेच आईला जास्त लागलं.

अधिक सप्तमीच्या सकाळी आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "काय गं, छपरावर चढणारा माणूस... पाय घसरला तर?"

"घसरला तर शेवाळाने घसरेल, आई. शेळीमुळे नाही."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. "जा. त्याला म्हणावं, आज इथे जेवायला ये. मासा आणलाय मी."

छिंगयान काम करत होता त्या देवळापाशी रूमै पोचली तेव्हा तो वर छपरावर होता. हाका मारून उपयोग नव्हता. वारा उलटा होता. तिने चपला खाली काढल्या आणि बांबूची शिडी धरली. खाली बघायचं नाही एवढं तिला ठाऊक होतं.

छिंगयानने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातला निळा तुकडा गळून पडला. "वेडी आहेस का तू? मी आलो असतो ना खाली."

"उद्या तू निघणार. मला आज बोलायचंय." ती कौलांवर बसली. दम लागला होता. "आपल्या लग्नाचा दिवस मी ठरवलाय."

कितीतरी दिवस घोळवलेलं मागणीचं वाक्य छिंगयानच्या तोंडातच राहिलं.

"कुठला?" शेवटी त्याने विचारलं.

"तू परत येशील तो."

"तो दिवस वाईट निघाला तर?"

"तू येशील ना? मग वाईट कसा निघेल?"

खाली गावभर कौलांचा लाल पसारा होता. छिंगयानने हात पुढे केला, मग मागे घेतला. "चुन्याने माखलेत."

"असू दे," रूमै म्हणाली आणि तिनेच तो धरला. "चल, उतरू या. आईने मासा केलाय, आणि मला एकटीला उतरता यायचं नाही."