मुख्य स्विचवरचं काळं कुलूप

डेटा सेंटर उभारणं म्हणजे लग्नघर सांभाळणं. शेवटच्या दिवशी ज्याला त्याला राहिलेलं काम आठवतं, आणि खापर प्रकल्पप्रमुखाच्या, म्हणजे माझ्या डोक्यावर फुटतं.

त्या दुपारी इमारतीत पहिल्यांदा वीज सोडायची होती. आमचा नियम साधा आहे. पॅनेलवर काम करणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि काम संपलं की स्वतःच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी आपापली कुलपं काढली होती, तरी एक लटकत होतं.

"हे कुणाचं?"

ज्याने त्याने हातातलं आपलं कुलूप दाखवलं. आमची कुलपं लाल, नावाची चिठ्ठी लावलेली. हे काळं होतं, चिठ्ठीही नव्हती. बाहेर कंपनीची मोठी माणसं ताटकळली होती. माझा पारा चढला.

"कटर आणा."

"साहेब, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. नियम तुमचाच आहे," सेफ्टीच्या बाई म्हणाल्या.

"सगळे बाहेर आलेत, बाई. मग हे काय भुताने लावलं?"

"एकदा चेहरे बघून घेऊ."

चेहऱ्यांमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा नव्हता. घरचे जावईबापू, आणि आमचे सगळ्यात जुने वायरमन. मघाशी माझ्यासमोरच त्यांनी आपलं कुलूप काढून खिशात टाकलं होतं.

मी धावलो. पॅनेलच्या मागचं अरुंद दार उघडून मी हाक मारली.

"आलो, दादा!" आतून आवाज आला. धुळीने माखलेले जावईबापू पाना घेऊन बाहेर सरपटले. एक बोल्ट ढिला राहिल्यासारखं वाटलं, म्हणून कुलूप न लावता परत शिरले होते.

मी त्यांना मिठी मारली, मग यथेच्छ शिव्या घातल्या. बहिणीला काय तोंड दाखवलं असतं, या विचाराने मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

परत येऊन पाहतो तर काळं कुलूप उघडं लटकत होतं.

"काढलं कुणीतरी गुपचूप. लाजला असेल," बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा एकेक चेहरा पाहिला. सगळे होते. मागचं दार त्यांनी स्वतः बंद केलं.

मी वीज सोडली. पॅनेल गुणगुणू लागलं. टाळ्या पडल्या, चहा आला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो.

"रागावू नका, दादा," जावईबापू कप फुंकत म्हणाले. "त्याच्यामुळे मी निर्धास्त होतो."

"कुणामुळे?"

"आत होता ना एकजण. म्हणाला, सावकाश आवळ, बाहेर माझं कुलूप आहे."

त्या जागेत एक माणूस आडवा होऊन जेमतेम मावतो.

"मग?"

"मग तुमची हाक आली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तो म्हणाला, तू हो पुढे, मी आलोच."