आठ सेंटिमीटरचा बांध

रफीकभाईंनी टेबल तिसऱ्यांदा उचलून आत सरकवून पाहिलं. पलंग आणि भिंत यांच्या मध्ये ते तिसऱ्यांदाही बसलं नाही.

"म्याडम, माप तुम्हीच दिलेलं," ते म्हणाले. "पंचाण्णव. चिठ्ठी आहे माझ्याकडं."

सुनेत्राला चिठ्ठी बघायची गरज नव्हती. ती भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. सतरा वर्षं लोकांच्या जमिनी मोजून द्यायच्या आणि आपल्या मुलीच्या टेबलाचं माप चुकायचं? तिनं पर्समधून टेप काढली. बाहेरच्या भिंतीपासून मधल्या भिंतीपर्यंत दोनशे सत्त्याहत्तर सेंटिमीटर. दीड महिन्यापूर्वी तिनं स्वतः दोनशे पंच्याऐंशी लिहिले होते.

खोलीतून आठ सेंटिमीटर नाहीसे झाले होते.

मिरजेतल्या या घरात स्वयंपाकघर सोडलं तर दोनच खोल्या होत्या. शाल्मली बारा वर्षांची होत आली तशी तिला वेगळी खोली हवी, हे नवराबायकोनं ठरवलं आणि जुनी भिंत पाडून चालभिंत बसवली. तिच्या आत स्मृतिधातूच्या पट्ट्या होत्या. विजेचा हलका झटका बसला की त्या शिकवलेला आकार घेत आणि भिंत मुंगीच्या पावलांनी सरके. पाहुणे आले की इकडची खोली मोठी, परीक्षा आली की तिकडची. जमिनीतल्या फरश्या माणसांची वजनं ओळखत आणि भिंतीतले पातळ पडदे श्वासांची लय टिपत. 'घरातली घुसमट कमी करते,' असं माहितीपत्रकात छापलं होतं. सुनेत्राला असल्या शहाण्या वस्तूंवर विश्वास नव्हता. तिनं भिंत बरोबर मधोमध आणली आणि कुलूप लावलं. दोघांना सारखी जागा, भांडण नको.

"अहो, जरा इकडे या," तिनं हाक मारली.

हेरंब चहाचा कप घेऊनच आला.

"भिंत तुम्ही सरकवलीत?"

"मी? मला त्या भिंतीचं घड्याळसुद्धा लावता येत नाही."

"कपाटाला जागा पुरत नाही म्हणून महिनाभर कुरकुर कोण करत होतं?"

"कुरकुर केली, कबूल. त्यानं भिंत सरकत असती तर एव्हाना आपण गच्चीत झोपलो असतो."

सुनेत्रा हसली नाही. बांध कोरणारी माणसं तिनं शेकड्यांनी पाहिली होती. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या रानातली नांगराची एक ओळ आत घ्यायची, आणि मोजणीला माणूस आला की देवाची शपथ घ्यायची. शपथ घेणारा नेहमी शेजारचा. एकाचं कमी झालं की दुसऱ्याचं वाढलेलं असतं, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून ती टेप घेऊन तरातरा पलीकडे, नवराबायकोच्या खोलीत गेली.

तिथेही दोनशे सत्त्याहत्तरच.

तिनं पुन्हा मोजलं. मग दारात येऊन उभी राहिली. इकडचे आठ गेले, तिकडचेही आठ गेले. बाहेरच्या भिंती तर जागच्या जागी होत्या.

"काय झालं?" हेरंबनं विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

रफीकभाई उत्तराची वाट न बघता भिंतीजवळ गेले. सुतारकीला लागण्याआधी ते तंबोऱ्याच्या कारखान्यात होते. भोपळा निवडताना त्यावर बोटानं टिचकी मारायची सवय अजून सुटली नव्हती. त्यांनी भिंतीवर तीन ठिकाणी टिचक्या मारल्या, कान लावला.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "पण भोपळा आवाज परत देतो. ही गिळतीय."

बांध स्वतःच जाड होऊ शकतो, हे सतरा वर्षांत सुनेत्राच्या मनात कधी आलं नव्हतं. कुलूप भिंतीच्या जागेला होतं, जाडीला नव्हतं.

तिनं दाराशेजारची, भिंत चालवायची पाटी उघडली आणि भिंतीची नोंद वर सरकवत गेली. दीड महिन्यात एकोणीस वेळा भिंत फुगली होती. प्रत्येक नोंदीत दोनच ओळी होत्या. 'पालकांची खोली: भिंतीलगत एक व्यक्ती, स्थिर, अठ्ठावन्न किलो.' आणि खाली, 'मुलीची खोली: श्वास रोखलेला. आवाज-अडसर वाढवला.'

हेरंबचं वजन ऐंशीच्या वर होतं.

सुनेत्रानं पाटी मिटली. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती त्या भिंतीशी उभी राहायची खरी. पोर हल्ली दार लावून कुणाशी तरी हळू बोलते, विचारलं तर "काही नाही" म्हणते. आईनं करायचं तरी काय?

शाल्मली शाळेतून आली तेव्हा टेबल दारातच आडवं पडलेलं होतं. आईचा चेहरा आणि हातातली टेप बघून तिनं दप्तर खाली ठेवलं.

"तू सांगितलंस भिंतीला?" सुनेत्रानं विचारलं.

"काय?"

"जाड हो म्हणून."

"नाही. तिला सांगावं लागत नाही. तू उभी असलीस की मला कळतं, आई. घड्या घालताना तू गुणगुणतेस. आणि मग मध्येच गुणगुणणं थांबतं. मग मी श्वास धरून बसते, तू जाईपर्यंत."

कुणाशी बोलतेस एवढं, हा प्रश्न सुनेत्राच्या ओठांपर्यंत आला. तिनं तो गिळला आणि पाटीवरचा 'जाडी पूर्ववत करा' हा पर्याय दाबला. अक्षरं उमटली: 'दोन्ही खोल्यांची संमती हवी.'

शाल्मलीनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "आत्ता नको. बघू."

"मग टेबल आठ सेंटिमीटर कापू का?" रफीकभाईंनी हळूच विचारलं.

"नका," सुनेत्रा म्हणाली. "राहू दे आमच्या खोलीत."

आठवडाभर ते टेबल तिथेच, कपाटाला अडून उभं होतं. सुनेत्रा आता पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला बसून घड्या घालायची आणि मुद्दाम मोठ्यानं गुणगुणायची. शुक्रवारी संध्याकाळी पलीकडे शाल्मली एकदम खळखळून हसली. हसू तिला पुसट, पण ऐकू आलं. त्यापाठोपाठ भिंतीतून बारीक कर्रर्र असा आवाज आला. पट्ट्या हलत होत्या.

तिचा हात आपोआप टेपकडे गेला. पण भिंतीपर्यंत जायचं तर फरशीला वजन कळणार. ती होती तिथेच बसून राहिली, मांडीवर लेकीचा अर्धवट घडी घातलेला फ्रॉक घेऊन.

लेकीनं संमती दिली म्हणून भिंत अंग आकसून घेत होती, की सुनेत्राचं गुणगुणणं मध्येच थांबलं म्हणून आणखी फुगत होती?