दोन ठोके आणि हाव

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. दरेकसा स्टेशनावर लाखेची पोती मालगाडीत चढवायची आणि दिवसाउजेडी घरी परतायचं. आमचं गाव तिथून दोन कोसांवर, टेकडीच्या पायथ्याशी. दिवस रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे. धानाचा रोवणा लागला की म्हातारीकोतारीसुद्धा बांधीतल्या चिखलात उतरतात, आणि भर दुपारी गावात कुत्र्यांखेरीज कुणी उरत नाही. चोरांनाही हे पंचांग पाठ असतं. त्या साली परगावचे दोघे फिरत होते. शेजारच्या गावात त्यांनी एकट्या बाईच्या बाळ्या कानासकट ओरबाडल्या होत्या. आणि माझ्या घरी बायको, शामकला, नऊ दिवसांची बाळंतीण, एकटी.

तरी मी घर सोडलं, ते सुखराम कोतवालाच्या भरवशावर.

या माणसाचं किती सांगू? ठाण्याचा शिपाई महिन्यातून एकदा यायचा; बाकीचे एकोणतीस दिवस कायदा म्हणजे सुखराम. केवलराम नावाचा एक दारुडा लोकांच्या कौलांवर दगड मारायचा. सुखरामनं त्याला ना मारलं, ना ठाण्यात नेलं. गस्तीला सोबत घेतलं, कंदील धरायला. चौथ्या दिवशी केवलरामच दरडावत होता, "कोन दगड मारून राहिला बे?"

पण सुखरामची खरी करामत दुपारच्या गस्तीत. प्रत्येक दारावर काठीचे दोन ठोके, मग घरधन्याचं नाव. आत माणूस असेल तर त्यानं 'हाव' म्हणायचं. हाव म्हणजे आमच्याकडचं 'हो'. घर रिकामं असेल तर सुखराम कुडाला तोंड लावून त्या माणसाच्या आवाजात स्वतःच 'हाव' म्हणायचा. दुधरामचा घोगरा, मंदाबाईचा चिरका. लपून ऐकणाऱ्याला वाटावं, घरोघर माणूस आहे.

आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "जा जी भोजराज शेठ, बिनघोर. वहिनीबाईचा आवाज निघाला का चोराले समजते, बाई एकटी हाय. तुमचा हाव मी म्हनन."

"माझा आवाज जमतो तुला?"

"सोपा हाय. नाकातून काढाचा अन् थोडा कंजूस ठेवाचा."

मी हसलो. तो जाता जाता म्हणाला, "सकाळी ठाण्यात जातो, तुमच्या पोराचा जन्म लिहाले. गस्तीच्या टायमाले वापस येतो."

मी परतलो तेव्हा तीन वाजले असतील, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की दिवे लावावेत. चिखलाचा, ओल्या शेणाचा, कुजत्या गवताचा वास. वेशीशी पोचलो आणि ऐकू आलं… ठक, ठक. "दुधराम." "हाव…" मग पुढच्या दारी ठक, ठक. "मंदाबाई." "हाव…"

जीव भांड्यात पडला. पावलं उचलून मी आवाजामागे गेलो, पण सुखराम काही दिसेना. आणि एक गोष्ट खटकली. हाव कुडाबाहेरून येत नव्हता. घराच्या पार आतून येत होता.

तेवढ्यात माझ्याच घरामागून दोघे पळत आले, एकाच्या हाती लोखंडी सब्बल. मला घासून गेले.

"सब घर में आदमी है…" एक पुटपुटला.

"उन घरों पे तो बाहर ताला लगा है रे… तो अंदर कौन बोल रहा…"

दोघे रानात शिरले. आणि माझ्या दारावर वाजलं, ठक, ठक. दारापुढे कुणीही नव्हतं. "भोजराज शेठ." आतून उत्तर आलं. नाकातून, थोडं कंजूस.

"हाव…"

मी दार बडवलं. शामकलानं उघडलं. कुशीत बाळ शांत झोपलेलं.

"अहो, तुम्ही बाहेर कसे? आत्ता तर माजघरातून बोललात…"

मी तोंड उघडणार तोच केवलराम धापा टाकत आला. त्याच्या हातात सुखरामची काठी होती.

"शेठ… सुखराम गेला. नाल्यापाशी साप डसला."

"कधी?"

"सकाळीच, ठाण्यातून वापस येतानी. तवापासून आमी त्याच्यापाशीच बसून राहिलो जी." मग हळूच म्हणाला, "तुमच्या पोराचा जन्म लिहून आला व्हता."

वीस वर्षं झाली. त्या गावात पुन्हा चोरी नाही. रोवण्यात लोक कुलूपसुद्धा लावत नाहीत, आणि दुपारी परकं माणूस तिथे थांबत नाही. असा राखणदार पगार देऊन मिळायचा नाही, हे मी चारचौघांत अभिमानानं सांगतो. ती काठी मी मागून घेतली. आता आम्ही गोंदियाला राहतो; तिथल्या घरात ती दारामागे उभी आहे.

परवा शामकला माहेरी होती. दुपारी घराला कुलूप घालून मी पायरी उतरलो, आणि बंद दाराच्या आतून वाजलं… ठक, ठक.

"भोजराज शेठ."

हाक माझ्याच आवाजात होती. नाकातून, थोडी कंजूस.

मी अजून हाव म्हटलेलं नाही.